खाल्ल्या मिठाचा हिशेब

महिनाअखेरीला अनुकूलबाबूंनी रायचरणच्या गावच्या पत्त्यावर थोडे पैसे पाठवले. ते परत आले. तिथे त्या नावाचं कोणी नव्हतं.

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘खोकाबाबूर प्रत्यावर्तन’ ही 1891 सालची कथा इथे संपते. शाळेत असताना कुठल्याशा अनुवादात मी ती वाचली, तेव्हा हमसून रडले होते आणि मनात एवढंच होतं की काय इमानी माणूस! परवा पुन्हा वाचली. या वेळी रडू आलं नाही, राग आला. रवींद्रनाथांचा नाही. तेव्हा मी ती कशी वाचली होती, त्याचा.

गोष्ट अशी. रायचरण बारा वर्षांचा असताना या घरात कामाला लागतो. वर्षाच्या अनुकूलला सांभाळायचं, हे काम. अनुकूल मोठा होतो, शिकतो, मुन्सफ होतो. त्याला मुलगा होतो आणि तोही रायचरणच्याच कडेवर येतो. पद्मेच्या काठी एका पावसाळी संध्याकाळी ते पोर बोट दाखवून कदंबाचं फूल मागतं. रायचरण चिखल तुडवत फुलं तोडायला जातो, परत येतो तर बाबागाडी रिकामी. आईला संशय येतो, अंगावरच्या सोन्यासाठी यानेच काहीतरी केलं. नोकरी सुटते. गावी त्याच्या बायकोला उतारवयात मुलगा होतो आणि ती जाते. रायचरणच्या मनात भरतं की आपला छोटा धनीच परत आला. मग तो स्वतःच्या पोराला धन्याच्या पोरासारखं वाढवतो. बायकोचे दागिने आटवून त्याला कडी करतो, जमीन विकतो, कलकत्त्याला नेऊन शिकवतो, स्वतः अर्धपोटी राहतो. पोर बारा वर्षांचं झाल्यावर त्याला मालकाच्या दारात उभं करतो आणि सांगतो, हा तुमचा. मीच चोरला होता.

आई पोराला कवटाळते. मुन्सफ आधी पुरावा विचारतो (पेशाच तो) आणि मग निकाल देतो की रायचरणला आता या घरात ठेवता येणार नाही. तेव्हा ते पोर मधे पडतं. बाबा, याला माफ करा, म्हणतं. घरात ठेवायचं नसेल तर महिन्याला काहीतरी बांधून द्या.

शाळेत मला हा मुलगा दयाळू वाटला होता. आता दिसतं ते असं, की ज्याच्या उपाशी पोटावर तो वाढला त्या बापाला तो पेन्शन मंजूर करून घेतोय. धन्याच्या घरात पाऊल टाकून घटका झाली नसेल आणि धन्याची भाषा त्याला आली. रायचरण एकदाच त्याच्या तोंडाकडे बघतो, सगळ्यांना नमस्कार करतो आणि गर्दीत मिसळून जातो.

कोणी म्हणेल, त्याला पोर द्यायला सांगितलं होतं कोणी? कोणीच नाही. पण नोकराच्या निष्ठेच्या बहुतेक गोष्टींत मालकाचा बचाव हाच असतो की आम्ही कुठे मागितलं होतं? न मागता मिळतं, म्हणून तर ते इतकं गोड लागतं. रवींद्रनाथांनी मात्र शेवटी एक चोख काम केलं. पैसे परत आणले. ज्या माणसाने पोटचं पोर दिलं त्याने महिन्याचे चार पैसे घेतले नाहीत. त्याची मर्यादा कुठे होती, ती त्या शेवटच्या ओळीत कळते. आम्ही तिला करुण शेवट म्हणून धडा मिटवला.

माझं म्हणणं साधं आहे. कथा-कादंबरीतल्या नोकराच्या इमानाचं कौतुक करण्याआधी त्याला पगार किती होता आणि त्याला काम सोडून जाता येत होतं का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरं मिळाली नाहीत, तर आपण सद्गुणाची गोष्ट वाचत नसून वेठबिगारीची वाचतोय, असं समजायला हरकत नाही.

आपल्या भाषेनेच यात आपली थोडी फसगत केली आहे. इमानाचे आणि बेइमानीचे सगळे वाक्प्रचार स्वयंपाकघरातले. खाल्ल्या मिठाला जागणं, अन्नाला जागणं, खाल्ल्या घरचे वासे मोजणं. प्रत्येकात मालक वाढणारा आणि नोकर खाणारा. दळलं कोणी, पाणी कोणी भरलं, चूल कोणी पेटवली हे त्या वाक्प्रचारात येत नाही. आलं असतं तर कोण कोणाचं मीठ खातंय याचा घोळ झाला असता. ‘शोले’तला कालिया गब्बरला म्हणतो, सरदार, मी तुमचं मीठ खाल्लंय, आणि उत्तरादाखल गोळी खातो. थेटरात आपण टाळ्या पिटतो. ते मीठ, ते धान्य रामगढच्या लोकांकडून उकळलेलं होतं, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि त्याच चित्रपटात दुसऱ्या बाजूला ठाकूरचा रामलाल आहे. हात नसलेल्या मालकाची सावली होऊन वावरणारा. त्याला घर आहे का, बायकापोरं आहेत का, हे तीन तासांत कळत नाही. चांगल्याचा नोकर म्हणून तो चांगला, एवढीच त्याची ओळख.

पण याच भाषेत दुसरे शब्दही आहेत, आणि ते जास्त प्रामाणिक आहेत. मोलकरीण: मोल घेऊन काम करणारी. रोजंदार, महिनदार, सालदार: दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. किती काळासाठी, ते शब्दातच सांगितलंय. दिवस मावळला, महिना भरला, साल सरलं की मोकळा. निष्ठेला मर्यादा असते हे शेतकरी मराठीला पक्कं ठाऊक होतं. आपण शहरात येऊन ‘अगदी घरातल्यासारखी आहे हो’ म्हणायला लागलो आणि ती मर्यादा पुसली.

टॉलस्टॉयने पगार लिहिला आहे. ‘मालक आणि नोकर’ ही त्याची 1895 सालची दीर्घकथा हिमवादळासाठी आणि शेवटच्या उलथापालथीसाठी प्रसिद्ध आहे, पण मला तिची पहिली पानं जास्त आवडतात. वासिली आंद्रेइच हा गावचा दुकानदार, चर्चचा कारभारी. निकिता त्याचा गडी. निकिताच्या कामाचं मोल वर्षाला 80 रूबल, पण मालक देतो साधारण 40, तेही तुकड्या-तुकड्यांनी आणि बहुतेक स्वतःच्या दुकानातला माल चढ्या भावाने लावून. सणाच्या आधी निकिताची बायको येते, पीठ, चहा, साखर, थोडी दारू आणि पाच रूबल रोख घेऊन उपकार झाल्यासारखी आभार मानून जाते. खरं तर त्या घडीला मालकाकडे निदान वीस रूबल निघत होते. आणि मालक वर म्हणतो, आपल्यात कुठला आलाय करार? लागेल ते ने, कामाने फेड. मी इतरांसारखा हिशेब काढत बसणारा नाही. तू माझी चाकरी कर, मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही.

यातली गंमत अशी की वासिली आंद्रेइच खोटं बोलत नाही. आपण निकिताचे उपकारकर्ते आहोत असं त्याला मनापासून वाटतं. निकितालाही ठाऊक आहे की आपण नागवले जातोय, पण दुसरीकडे जागा नाही तोवर मिळेल ते घ्यायचं. पुढे वादळात वाट चुकते. मालकाच्या अंगावर 3000 रूबल, त्यातले 2300 चर्चचे. तो आधी निकिताला बर्फात टाकून घोड्यावरून पळतो, घोडा फिरून तिथेच आणतो, आणि मग तो आपला फरचा कोट उलगडून गारठलेल्या निकितावर आडवा होतो. सकाळी मालक मेलेला, नोकर जिवंत. निकिताची पायाची तीन बोटं जातात, तो पुढे वीस वर्षं जगतो.

मालकाच्या या हृदयपालटावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला कोत्या मनाची म्हणा, पण मला त्या उरलेल्या रूबलांचं काय झालं ते हवंय. एका रात्रीचं महान मरण आणि वर्षानुवर्षं कापलेला पगार एकाच पारड्यात टाकता येत नाहीत. टॉलस्टॉयलाही हे कळत असणार, नाहीतर सुरुवातीला इतका चोख हिशेब त्याने मांडलाच नसता.

हिशेबावरून आठवलं. आमच्या आजोळी, मराठवाड्यात, एक सालगडी होते. आम्ही पोरं त्यांना तात्या म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचं: इतके रुपये, इतकं धान्य, एक धोतरजोडी, एक जोडा. त्यांची एक गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात निघायची. एका श्रावणातल्या रात्री नदीचं पाणी गोठ्यात शिरलं. तात्यांनी अंधारात दावी सोडली, चार बैल आणि दोन म्हशी टेकाडावर नेल्या आणि रात्रभर पावसात उभे राहिले. त्याच रात्री वस्तीवर त्यांच्या स्वतःच्या घराची भिंत पडली. मामा हे सांगताना आवाज खाली आणायचा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं की असली माणसं आता राहिली नाहीत.

आजोबा गेल्यावर माळवदावरची ट्रंक उघडली तेव्हा लाल कापडात बांधलेली चोपडी सापडली. आजोबांचं अक्षर मोत्यासारखं. तात्यांच्या नावाचं पान काढलं. त्या श्रावणात, पुरानंतरच्या ओळीत, लिहिलं होतं: खाडे 3, घर पडल्यामुळे. पुढच्या रकान्यात तीन दिवसांचे पैसे वजा.

मी ते मामाला दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘अगं, पद्धतच होती तशी.’’ होतीच. आजोबा दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी गावाला विहीर मोकळी करून दिली होती, तात्यांच्या लेकीच्या लग्नाला उचल दिली होती. ती उचलही त्याच पानावर आहे, आणि पुढच्या साली पुढच्या पानावर ओढलेली आहे, आणि त्याच्या पुढच्या. आम्ही ज्याला बावीस वर्षांचं इमान म्हणत आलो, त्यातली किती वर्षं इमानाची आणि किती उचलीची, हे आता कोणाला विचारणार?

यावर घरात भांडण झालं, ते होणारच होतं. मग प्रेम नव्हतंच का, असं मावशीने विचारलं. होतं. मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली आहे. त्यांच्या हातची शेतातली हुरड्याची चव मला अजून आठवते. प्रेम खोटं होतं असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, प्रेमाची गोष्ट आम्ही सांगितली आणि खाड्यांची ट्रंकेत ठेवली. कथा-कादंबऱ्यांत अगदी हेच होतं.

निघून जाता येणं याचा मुद्दा काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या 1989 सालच्या कादंबरीत फार बारकाईने आला आहे. लॉर्ड डार्लिंग्टनचा बटलर स्टीव्हन्स आयुष्यभर चांदीची भांडी लख्ख ठेवतो आणि मालक नाझींच्या नादी लागत असताना खालमानेने पेले भरतो. एक दिवस मालक सांगतो, घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाका. स्टीव्हन्स काढून टाकतो. घराची व्यवस्था बघणारी मिस केंटन चवताळते, त्या गेल्या तर मीही जाईन म्हणते. आणि जात नाही. पुढे ती स्वतःच कबूल करते की ती भ्याली होती. जाणार कुठे? एका मावशीखेरीज तिला कोणी नव्हतं.

हे एक वाक्य स्टीव्हन्सच्या सगळ्या ‘प्रतिष्ठा’ पुराणापेक्षा वजनदार आहे. ती राहिली ती निष्ठेपायी नव्हे, छप्पर नव्हतं म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. स्टीव्हन्सला शेवटी, 1956 साली, समुद्रकाठच्या एका बाकावर अनोळखी माणसापाशी बोलताना कळतं की मालकाने निदान स्वतःच्या चुका तरी केल्या. आपल्याकडे तेवढंही नाही. निष्ठा पार शेवटच्या टोकाला नेली की माणसाकडे स्वतःची चूकही उरत नाही.

आपल्याकडे हे आधी सांगून झालं आहे, फक्त आपण ते पूजेत बसवलं. महाभारतात युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर शस्त्रं खाली ठेवून पायी चालत भीष्मांकडे आशीर्वाद मागायला जातो. भीष्म म्हणतात, ‘अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्’. माणूस अर्थाचा दास, अर्थ कोणाचा दास नाही; कौरवांनी मला अर्थाने बांधलं आहे. आणि पुढे स्वतःच म्हणतात की म्हणून मी हे असं षंढासारखं बोलतोय. द्रोण, कृप, शल्य तिघंही तोच श्लोक म्हणतात. कुरुकुळाचा पितामह स्वतःला खाल्ल्या अन्नाचा बांधील म्हणवतो. व्यासांनी त्याला झाकलेलं नाही. झाकलं ते आपण, ‘प्रतिज्ञा’ या शब्दाखाली.

भीष्म भर सभेत गप्प राहिले, आणि शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एका बिननावाच्या नोकराला गप्प राहवलं नाही. कॉर्नवॉलचा ड्यूक म्हाताऱ्या ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून त्याचा एक डोळा काढतो, दुसऱ्यासाठी पुढे सरतो. तेव्हा त्याचाच एक नोकर मधे येतो. म्हणतो, लहानपणापासून मी तुमची चाकरी केली, पण आत्ता तुम्हाला थांबवतोय याहून चांगली चाकरी कधीच केली नाही. तलवार काढतो. ड्यूकला जखम होते, त्याच जखमेने तो पुढे मरतो. ड्यूकची बायको मागून नोकराला भोसकते. चार-दोन ओळींचं आयुष्य. संहितेत त्याला नाव नाही, ‘पहिला नोकर’ एवढंच. त्याच नाटकात ओस्वाल्डही आहे, लिअरच्या थोरल्या मुलीचा, गॉनेरिलचा माणूस. मरता-मरताही त्याला मालकिणीची पत्रं पोचती करायची काळजी. इमानात तो तसूभर कमी नाही, आणि कोणाला त्याच्याबद्दल हळहळ वाटत नाही. म्हणजे इमान हा मुळात गुणच नव्हे. ते कशापायी आणि कुठवर, यावर सगळं अवलंबून.

ड्यूक निघून गेल्यावर आणखी दोन नोकर मागे राहतात. एक म्हणतो, मी जवसाचे धागे आणि अंड्याचा पांढरा बलक आणतो, त्याच्या रक्ताळलेल्या तोंडाला लावू. 1608 सालच्या छापील प्रतीत हे आहे. 1623 च्या प्रतीत नाही. का गळलं यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. मला एवढंच वाटतं, की नोकरांनी आपसात ठरवून, कोणी न सांगता केलेली गोष्ट छापायची वेळ आली की जागा कमी पडते.

आता याच्या उलट टोकाला अरविंद अडिगाच्या ‘द व्हाइट टायगर’मधला बलराम. मालकांच्या घरातल्या बाईने गाडीखाली कोणालातरी चिरडलं आणि गुन्ह्याच्या कबुलीवर सही ड्रायव्हरची. पुढे तो मालकाचा जीव घेतो आणि उद्योजक होतो. 2008 ला या कादंबरीला बुकर मिळालं, चर्चा झाली. कादंबरी वाईट नाही. पण मला खटकतं ते हे, की आपल्या कल्पनेत नोकराला दोनच वाटा आहेत, रामू काका नाहीतर खुनी. पोर अर्पण करणारा नाहीतर गळा कापणारा. मधली वाट, म्हणजे ‘या महिन्यापासून पाचशे वाढवा, नाहीतर दुसरं काम बघते’ म्हणणारी बाई, साहित्यात फार क्वचित भेटते. ती नाट्यमय नाही म्हणे.

नाट्यमय कशी नाही? 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद केलं, मोर्चे काढले, पगार आणि रजा मागितल्या, संघटना उभी केली. पेठांमधल्या किती घरांत त्या आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी स्वतःची भांडी घासली असतील! त्यावर एक फर्मास प्रहसन व्हायला हवं होतं. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आणि थोड्याफार मदतीपुरता. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. नाटक-सिनेमाने आणि आमच्या लग्नातल्या गोष्टींनी याला हातभार लावला आहे, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. पण ‘घरातल्यासारखी’ माणसं हक्काची सुट्टी मागत नाहीत, हे आपण शिकलो कुठून? कामगारकायद्याच्या पुस्तकातून तर नक्कीच नाही.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत पाच घरी काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं, इथून पुढे महिन्याला चार रविवार येणार नाही, आणि पैसे कापायचे नाहीत. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला: ‘आपण त्यांना इतकं घरातलं समजलो, आणि आता हे!’ खाली सात अंगठे. मी उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. चोपडीच्या त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तो टाकावा असंही वाटलं. मग लक्षात आलं की सोमवारी सकाळी मावशी माझ्याकडेही येणार आहेत, आणि त्यांच्या चार रविवारांना मी स्वतः अजून हो म्हटलेलं नाही.

मावशी त्या ग्रुपवर नाहीत.